टॅपचा फीड टॅपच्या अंगावरच लिहिलेला असतो

एम८ चा, म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाचा, एक बोल्ट घ्या, त्यावर नट चढवा. आता नट घट्ट धरून बोल्ट बरोबर एक फेरा फिरवा. बोल्ट १.२५ मिलिमीटर पुढे गेला. हळू फिरवा, भराभर फिरवा, मध्ये थांबून चहा पिऊन या आणि मग फिरवा, एका फेऱ्याला १.२५ च. त्याला १.३ जा म्हणून ढकलता येत नाही आणि १.२ वर अडवता येत नाही. या आकड्याला पिच म्हणतात, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर.

सीएनसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर, आटे पाडायचा प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे हा एवढा नियम मशीनकडून पाळून घेणं. ड्रिलचा फीड, म्हणजे ते किती वेगानं आत जातं, हे आपण ठरवतो. मटेरियल कडक लागलं की कमी करतो, घाई असली की वाढवतो, आणि थोडं चुकलं तरी फार तर ड्रिल लवकर बोथट होतं. टॅपला, म्हणजे होलमध्ये आटे पाडणाऱ्या हत्याराला, ही सवलत नाही. कारखान्यात टॅप घडला त्याच दिवशी त्याचा फीड त्याच्या अंगावर कोरला गेलेला असतो. आपल्याला तो फक्त वाचायचा आणि मशीनला नीट सांगायचा असतो. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीतून निघतं.

मी रबाळ्याला एका गाळ्यात व्हीएमसीवर काम करतो, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या मशिनिंग सेंटरवर. स्पिंडल म्हणजे हत्यार धरून फिरवणारा दांडा. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनं असे गाळे ओळीनं आहेत, आणि दरवर्षी आयटीआय करून नवी मुलं त्यात येतात. ड्रिलिंगचा प्रोग्रॅम ती आठवड्याभरात लिहायला लागतात. टॅपिंग आलं की हात आखडतो, आणि त्यांचं काही चुकत नाही. टॅपिंग बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी असतं. तोवर जॉबचं मिलिंग झालेलं असतं, बोअर झालेले असतात, मटेरियलचे आणि मशीनच्या तासांचे पैसे त्यात गेलेले असतात. अशा वेळी शेवटच्या होलमध्ये टॅप तुटला तर तो कडक तुकडा आत रुतून बसतो. त्याला ड्रिल लागत नाही, कारण तो ड्रिलइतकाच कडक असतो. मग जॉब स्पार्किंगला पाठवायचा, विजेच्या ठिणग्यांनी तो तुकडा जाळून काढायचा, आणि तेवढे दिवस गिऱ्हाइकाचे फोन घ्यायचे.

मी आटे मारायला शिकलो ते वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये, हातानं. तिथले काका तीन टॅपांचा सेट हातात द्यायचे. पहिल्या टॅपचं टोक लांबवर निमुळतं, दुसऱ्याचं कमी, तिसऱ्याचं जवळजवळ नाहीच. हँडल धरून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे का, तर कापलेला कीस तुटावा म्हणून. काका म्हणायचे, "तू ढकलू नकोस रे, दोन फेरे धरला की तो आपला आपण जातो." त्यांचं खरं होतं. पहिले दोन आटे कापले गेले की टॅप स्वतःच पाडलेल्या आट्यांना धरून स्वतःला आत ओढतो. आपण फक्त फिरवायचं. हातानं करताना फिरवणं आणि पुढे जाणं यांचा मेळ आपोआप बसतो, कारण पुढे नेणारा टॅपच असतो.

मशीनवर मात्र दोन मालक आहेत. स्पिंडल एका मोटरनं फिरतो, आणि झेड अ‍ॅक्सिस, म्हणजे स्पिंडलला वर-खाली नेणारी चाल, दुसऱ्या मोटरनं. होलच्या तळाशी स्पिंडल थांबायला हवा, उलटा फिरायला हवा, आणि झेडनं त्याच मापानं वर यायला हवं. समजा स्पिंडलला थांबायला अर्धा फेरा जास्त लागला आणि झेड मात्र ठरल्या जागी थांबला. एम८ च्या टॅपला त्या अर्ध्या फेऱ्यात ०.६२५ मिलिमीटर आणखी खाली जायचं असतं, आणि वरून त्याला धरून ठेवलेलं असतं. आटे तासले तरी जातात किंवा टॅप तरी तुटतो.

जुन्या मशीनवर यावर उपाय होता तो फ्लोटिंग होल्डरचा. या होल्डरमध्ये स्प्रिंग असते. टॅपला हवं तसं थोडं खाली सरकता येतं, थोडं वर दबता येतं. स्पिंडल आणि झेड यांच्यातला फरक ती स्प्रिंग पोटात घालते. अशा होल्डरबरोबर काही जण फीड हिशेबापेक्षा किंचित कमी ठेवतात, म्हणजे टॅप दाबला न जाता स्प्रिंग ताणून आपला आपण आत जातो. आजही जुन्या मशीनवर हाच मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

नव्या मशीनवर रिजिड टॅपिंग असतं. स्पिंडलला एन्कोडर बसवलेला असतो, तो कंट्रोलला, म्हणजे मशीनच्या कॉम्प्युटरला, क्षणोक्षणी सांगत राहतो की स्पिंडल किती अंश फिरला. कंट्रोल त्याच मापानं झेड खाली नेतो. स्पिंडल मंदावला की झेड मंदावतो, स्पिंडल थांबला की झेड थांबतो, स्पिंडल उलटा फिरला की झेड वर येतो. आपण बोल्ट फिरवताना जे आपोआप होत होतं, ते इथे दोन मोटरींकडून मोजून करून घेतलं जातं. टॅप साध्या कोलेटमध्ये, म्हणजे हत्यार आवळून धरणाऱ्या पकडीत, घट्ट धरला तरी चालतो, कारण जुळवून घ्यायला स्प्रिंग लागत नाही. पण पिच किती, हे कंट्रोलला एन्कोडरवरून कळत नाही. ते आपण लिहिलेल्या दोन आकड्यांवरून कळतं, एस आणि एफ. इथेच माणूस चुकतो.

स्पिंडलचा वेग म्हणजे मिनिटाला किती फेरे, तो एस. फीड म्हणजे मिनिटाला किती मिलिमीटर, तो एफ. मिनिटाला ४८० फेरे आणि दर फेऱ्याला १.२५ मिलिमीटर, तर मिनिटाला ६०० मिलिमीटर. एफ म्हणजे एस गुणिले पिच. बस्स. आता हे ४८० कुठून आले? साध्या माइल्ड स्टीलमध्ये एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टीलच्या, टॅपची धार मिनिटाला सुमारे १२ मीटर या वेगानं कापते असं धरू. १२ ला १००० नं गुणायचं, मग ३.१४ आणि टॅपचा व्यास ८ यांच्या गुणाकारानं भागायचं. उत्तर ४७७ येतं. मी ४८० घेतो, कारण ४८० गुणिले १.२५ बरोबर ६०० होतात आणि गोल आकडा डोक्यातल्या डोक्यात पडताळता येतो. ३०४ स्टेनलेस असेल तर वेग निम्म्यावर आणा, २४० आणि ३००. वेग आपण निवडतो, फीड निवडत नाही. वेगाच्या मागून तो आपोआप येतो.

हे मी चुकून शिकलो. ईएन८ स्टीलच्या एका प्लेटवर एम१० चे होल होते, पिच १.५, एस४००, एफ६००. बरेच होल झाले होते. नंतर टॅपचा आवाज कडक यायला लागला. मला वाटलं वेग जरा कमी करावा. स्पिंडलचा ओव्हरराइड, म्हणजे मशीन चालू असताना वेग कमी-जास्त करायचा नॉब, फिरवला, काही फरक पडला नाही. म्हणून सायकल संपल्यावर प्रोग्रॅम उघडला, एस४०० चे एस३०० केले आणि चालू केलं. एफ६०० तसाच राहिला. ६०० भागिले ३०० म्हणजे २. मशीनला मी सांगितलं होतं, दर फेऱ्याला २ मिलिमीटर खाली जा. टॅपला जायचं होतं १.५. चार फेऱ्यांत २ मिलिमीटरचा फरक होतो, पण टॅपनं चार फेरे दिलेच नाहीत. मशीननं सांगितलं ते चोख केलं होतं. कंट्रोलला टॅप दिसत नाही, फक्त आकडे दिसतात. तो आवाज कडक का येत होता, हेही मी आधी बघायला हवं होतं. टॅपची धार गेली होती, वेगाचा तिथे संबंधच नव्हता.

तो ओव्हरराइड का चालला नाही, हे नव्या मुलांनी पहिल्या दिवशीच समजून घ्यावं. रिजिड टॅपिंगची सायकल चालू असताना कंट्रोल स्पिंडलचा किंवा फीडचा ओव्हरराइड जुमानत नाही. फीड होल्ड, म्हणजे चाल थांबवायचं बटण, दाबलं तरी मशीन मध्येच थांबत नाही, टॅप बाहेर काढून मगच थांबतं. मशीन बिघडलंय असं समजून घाबरू नका. होलच्या मध्यात झेड थांबला आणि स्पिंडल फिरत राहिला तर काय होईल, हे ज्यांनी कंट्रोल बनवला त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी हे दरवाजे बंद करून ठेवले आहेत.

एस बदलताना एफ विसरायची भीती कायमची घालवायची असेल तर एक वाट आहे. नेहमीचा फीड मिनिटाला मिलिमीटर असा असतो, तो जी९४. त्याऐवजी जी९५ दिला की फीड दर फेऱ्याला मिलिमीटर असा धरला जातो. मग एफ मध्ये सरळ पिच लिहायचा, एफ१.२५. आता एस काहीही करा, पिच हलत नाही. मला स्वतःला हीच पद्धत आवडते, कारण प्रोग्रॅम वाचतानाच टॅप कोणता ते दिसतं. पण तिला एक काटा आहे. जी९५ दिलेला तसाच राहतो. टॅपिंग संपल्यावर जी९४ लिहायला विसरलात आणि पुढे एंड मिलला, म्हणजे मिलिंगच्या हत्याराला, एफ६०० आला, तर मशीनच्या लेखी तो दर फेऱ्याला ६०० मिलिमीटर. आणि उलट चूक, जी९४ मध्ये असताना एफ१.२५ लिहिणं, म्हणजे टॅप मिनिटाला ४८० फेरे फिरणार आणि खाली जवळजवळ सरकणारच नाही. म्हणून टॅपिंगच्या वर जी९५ आणि टॅपिंगच्या लगेच खाली जी९४, दोन्ही एकदम टाइप करायचे. मधला मजकूर नंतर भरायचा.

इंची आटे आले की पिच काढावा लागतो. इंची टॅपवर एका इंचात किती आटे ते लिहिलेलं असतं. २५.४ ला त्या आकड्यानं भागलं की पिच मिलिमीटरमध्ये. इंचाला २० आटे असतील तर १.२७. आमच्याकडे हायड्रॉलिकच्या ब्लॉकवर पाव इंची बीएसपी, म्हणजे पाइपचा ब्रिटिश आटा, सतत येतो, त्याचे इंचाला १९ आटे, पिच १.३३७. कुणी सोयीसाठी १.३ लिहिलं तर १५ मिलिमीटर खोलीपर्यंत ११ फेऱ्यांहून थोडे जास्त होतात आणि फरक साठत साठत ०.४ मिलिमीटर होतो. तिसऱ्या दशांशाला इथे किंमत आहे. जाता जाता, बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश असतो. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडात आट्यांचं सर्वांनी वापरावं असं माप सुचवलं, त्यातला तो कोन. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंश. व्यास जवळचा दिसला म्हणून एकात दुसरा बोल्ट घालू नये.

आता होलकडे येऊ. माझ्या मते टॅप तुटण्याची निम्मी कारणं टॅपिंगच्या ओळीत नसतातच, आधीच्या ड्रिलिंगमध्ये असतात. साधा हिशेब असा की टॅपच्या व्यासातून पिच वजा केला की ड्रिलचा व्यास. एम६ ला ६ वजा १, म्हणजे ५. एम१० ला ८.५. एम८ ला ६.७५ येतात, बाजारात ६.८ चं ड्रिल मिळतं, तेच वापरतात. ६.८ च्या होलमध्ये आट्याची उंची पूर्ण शक्य उंचीच्या सुमारे ७४ टक्के येते. नव्या मुलाला वाटतं, उरलेले २६ टक्के का सोडायचे, होल लहान ठेवू, आटा भरदार येईल. आटा भरदार येतो पण ताकद फारशी वाढत नाही, टॅपवरचा पीळ मात्र भराभर वाढतो. उलट बाजूलाही मर्यादा आहे. नेहमीच्या ६एच मापात एम८ च्या आट्याचा आतला व्यास ६.६४७ ते ६.९१२ यांच्यात हवा. ड्रिलची धार एका बाजूला जास्त घासली गेली असेल तर ६.८ चं ड्रिल ६.९५ चा होल पाडतं. टॅप आनंदानं जातो, आणि इन्स्पेक्शनला जॉब परत येतो.

आणि टॅप कापणारा आहे की दाबणारा, हे डबी उघडून बघा. दाबणाऱ्या टॅपला आमच्याकडे रोल टॅप किंवा फॉर्मिंग टॅप म्हणतात. तो धातू कापत नाही, बाजूला सारून आटा उठवतो. त्याला कीस निघतच नाही, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमसारख्या मऊ धातूत तो फार सुखाचा. पण त्याला होल मोठा लागतो, व्यासातून निम्मा पिच वजा करून. एम८ ला ६.८ नाही, ७.४. कापणाऱ्या टॅपच्या होलमध्ये रोल टॅप घातला तर धातूला सरकायला जागाच नसते. बिडाला, म्हणजे कास्ट आयर्नला तो कधी लावायचाच नाही. बीड सरकत नाही, तुटतं.

खोलीचा हिशेब एकदा कागदावर करू. ड्रॉइंग म्हणतं, एम८, पूर्ण आटे १६ मिलिमीटर खोल, आणि होल आरपार नाही, बंद आहे. टॅपच्या टोकाचे काही आटे निमुळते असतात, ते कापतात पण पूर्ण आटा सोडत नाहीत. बंद होलसाठीच्या टॅपला असे साधारण अडीच आटे धरू, २.५ गुणिले १.२५ म्हणजे ३ मिलिमीटरच्या थोडं वर. तेव्हा टॅपचं टोक १९.५ पर्यंत न्यायला हवं. त्याखाली थोडी मोकळी जागा हवी, म्हणून ६.८ चा पूर्ण व्यास २३ पर्यंत. ड्रिलचं टोक शंकूसारखं असतं, ११८ अंशाच्या टोकाची उंची व्यासाच्या सुमारे ०.३ पट, इथे २ मिलिमीटर. म्हणजे ड्रिलचा झेड २५. ड्रॉइंगमध्ये १६ वाचलं आणि ड्रिलला २५ लिहावे लागले. आता खालची भिंत २५ पेक्षा जाड आहे का, तेही बघा. नसेल तर ड्रॉइंग काढणाऱ्याला आत्ताच विचारा, होल आरपार निघाल्यावर नको. लहान टॅपांच्या टोकाला बरेचदा एक अणकुचीदार सुळका असतो. ऑफसेट, म्हणजे मशीनला सांगितलेली टॅपची लांबी, त्या सुळक्यावर घेतला असेल तर त्याची लांबीही हिशेबात धरावी लागते.

एवढं ठरलं की प्रोग्रॅम खरंच एका ओळीचा राहतो. स्क्रीनवर अक्षरं रोमन असतात, मी इथे बोलतो तशी लिहितो. फॅनक कंट्रोलवर आधीच्या ओळीत एम२९ एस४८०, म्हणजे रिजिड टॅपिंग चालू, वेग ४८०. पुढची ओळ, जी९९ जी८४ एक्स२०.० वाय३०.० झेड-१९.५ आर५.० एफ६००. मग बाकीच्या होलचे फक्त एक्स आणि वाय, म्हणजे होलची जागा, एकाखाली एक. शेवटी जी८०, सायकल बंद. हा एफ६०० जी९४ मधला आहे, जी९५ लावला असेल तर तिथे एफ१.२५.

जी८४ ही टॅपिंगची सायकल. तिच्यात सगळं येतं. होलवर जायचं, आर पर्यंत झपकन खाली यायचं, तिथून मोजून मापून झेड पर्यंत, उलटं फिरून वर. डाव्या आट्यांना जी७४. आर म्हणजे जॉबच्या वरची ती उंची, जिथून स्पिंडल आणि झेड एकमेकांचा हात धरतात. ड्रिलला आपण आर २ ठेवतो, घाई असेल तर १. टॅपला तसं करू नका. स्पिंडलला शून्यापासून वेग घ्यायला आणि झेडला त्याच्याशी जुळायला थोडं अंतर लागतं. ५ मिलिमीटर म्हणजे एम८ ला चार फेरे, ते पुरतात. मोठ्या पिचला जास्त द्या. जी९९ नं टॅप दर वेळी आर पर्यंतच वर येतो. मध्ये क्लॅम्प आडवा येत असेल तर जी९८, मग तो सुरुवातीच्या उंचीवर जातो.

एम२९ आणि जी८४ यांच्या मध्ये कुठलीही अ‍ॅक्सिसची हालचाल लिहायची नाही, अलार्म येतो. एम२९ विसरलात आणि मशीन जुन्या पद्धतीच्या टॅपिंगवर सेट असेल तर अलार्मही येत नाही. साध्या कोलेटमधला टॅप फ्लोटिंग होल्डर असल्यासारखा चालवला जातो, आणि तेच जास्त वाईट. प्रत्येक कंट्रोलची भाषा थोडी वेगळी आहे. हासवर जी८४ दिला की टॅपिंग रिजिडच. मित्सुबिशीवर त्याच ओळीत स्वल्पविराम देऊन आर१ लिहितात. सीमेन्सवर रिजिडसाठी सायकल८४ आणि फ्लोटिंग होल्डरसाठी सायकल८४०, आणि पिच सरळ सायकलमध्येच भरायचा. नव्या मशीनवर उभं राहिलं की मागच्या कारखान्याच्या सवयीवर विसंबू नका, त्याचं पुस्तक उघडा.

आणि दशांश चिन्ह. बऱ्याच फॅनक मशीनवर आर५ लिहिलं, पुढे बिंदू दिला नाही, तर कंट्रोल ते ५ मायक्रॉन धरतो, म्हणजे ०.००५ मिलिमीटर. टॅप रॅपिडनं थेट जॉबच्या पृष्ठभागावर येऊन उभा राहतो. मी प्रोग्रॅम तपासताना आधी फक्त बिंदू शोधतो. एकदा सगळ्या ओळींतून नजर फिरवायची, दुसरं काही वाचायचं नाही. मग पहिल्यापासून वाचायचं.

कीस कुठे जाणार, हा प्रश्न टॅप निवडताना विचारायचा. आरपार होल असेल तर टोकाला तिरकी खाच असलेला गन टॅप. तो कीस पुढे ढकलतो आणि कीस खालून पडतो. बंद होल असेल तर पिळदार नाळींचा टॅप, तो कीस वर ओढून आणतो. हे उलटं केलं तर बंद होलच्या तळाशी कीस ठासून भरतो, टॅप त्यावर आपटतो, आणि मग आपण फीडमध्ये चूक शोधत बसतो. बिडाचा कीस भुकटीसारखा असतो, तिथे सरळ नाळींचा टॅपही चालतो. फार खोल होल असेल तर फॅनकवर क्यू देऊन टप्प्याटप्प्यानं टॅप मारता येतो, हातानं मागे घेत होतो तसं. तो पर्याय आपल्या मशीनवर चालू आहे का, ते आधी बघावं लागतं.

टॅप आणायला आम्ही अजूनही कधी कधी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जातो. रबाळ्याहून ट्रान्स-हार्बरनं ठाणे, तिथून मशीद. दुकानदार विचारतो, "एम८ हवाय ना?" एवढ्यावर हो म्हणू नका. मटेरियल कोणतं, होल बंद की आरपार, कापणारा की रोल, हे तिथेच सांगा. स्वस्तातला सरळ नाळींचा हातटॅप घेऊन स्टेनलेसच्या बंद होलमध्ये मशीननं घालायचा असेल तर तो प्रवास वाया जातो.

तेलाबद्दल थोडं. पाण्यातला कूलंट पातळ झाला की ड्रिल कुरकुरतं, पण टॅप तुटतो. रोज पाणी घालून टाकी भरली जाते, तेल मात्र घातलं जात नाही, आणि महिन्याभरात टाकीत दुधाचं ताक झालेलं असतं. टॅपिंगला ८ ते १० टक्के तरी असावं, आणि ते डोळ्यांनी ठरवू नये, रिफ्रॅक्टोमीटरमध्ये एक थेंब टाकून बघावं. स्टेनलेसला मी सायकलच्या आधी थांबा घालून प्रत्येक होलमध्ये ब्रशनं टॅपिंग ऑइल लावतो. वेळ जातो, टॅप राहतो.

पावसाळ्यात आमच्या पट्ट्यात वीज कधी कधी न सांगता जाते. टॅप होलमध्ये असतानाच गेली तर काय करायचं, हे वीज जायच्या आधी ठरवून ठेवा. वीज परत आली की हात पहिला झेड वर घ्यायच्या बटणाकडे जातो. तिथेच थांबा. झेड सरळ वर ओढला की टॅप आट्यांसकट उपटला जातो किंवा तुटतो. काही कंट्रोलवर अशा वेळी टॅप उलटा फिरवत बाहेर काढायची सोय असते. आपल्या मशीनवर ती आहे का आणि कुठल्या बटणावर आहे, ते मशीनवर चिठ्ठी लावून ठेवा. नसेल तर मशीन थांबलेलं ठेवून कोलेट सैल करायचा, टॅप होल्डरमधून मोकळा करायचा, झेड एकटा वर न्यायचा, आणि मग टॅपच्या चौकोनी टोकाला हँडल लावून हातानं उलटा फिरवत काढायचा. वागळे इस्टेटमध्ये शिकलेलं इथे उपयोगी पडतं. अडकला वाटलं की थोडं पुढे, मग मागे, आणि तेल.

पहिला होल झाला की गेज, म्हणजे आटा तपासायचं माप. आमच्याकडे याला गो-नोगो म्हणतात. गो बाजू हातानं, जोर न लावता, पूर्ण खोलीपर्यंत जायला हवी. नोगो बाजू दोन फेऱ्यांच्या पुढे जाता कामा नये. गो अडली तर टॅप झिजलाय किंवा होलमध्ये कीस राहिलाय, आधी हवा मारून बघा. नोगो सरळ आत गेली तर बहुतेक वेळा एस आणि एफ जुळत नाहीत किंवा टॅप होल्डरमध्ये वाकडा फिरतोय. पहिल्या होलनंतर दहाव्याला, मग विसाव्याला, आणि टॅप बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

जॉब पुढे झिंक प्लेटिंगला जाणार असेल तर आणखी एक गोष्ट विचारून घ्या. प्लेटिंगचा थर आट्याच्या दोन्ही कुशींवर चढतो आणि होल आवळतो. आपल्याकडे गो गेज छान गेलेली असते, प्लेटिंगहून आल्यावर बोल्ट अर्ध्यात अडतो. अशा जॉबला ६एच ऐवजी ६जी मापाचा, किंचित मोठा आटा पाडणारा टॅप लागतो. प्रोग्रॅम अगदी तोच राहतो, तोच एस, तोच एफ, कारण पिच तोच आहे. फक्त डबीवरचं अक्षर वाचून टॅप वेगळा लावायचा असतो.